सायकल शर्यतीच्या समालोचनातले आकडे कसे तपासावेत

जुलैत टूर द फ्रान्स सुरू झाली की टीव्हीवर रोज चार-पाच तास शर्यत दिसते. फ्रान्समध्ये टप्पा संपतो तेव्हा आपल्याकडे साधारण रात्रीचे नऊ वाजलेले असतात. इतका वेळ बोलत राहायचं म्हणजे समालोचकांना आकड्यांचा आधार लागतोच. ताशी ९५ किलोमीटर वेग, ८ टक्के चढ, ७ वॅट प्रतिकिलो, ८००० कॅलरी, ४० टक्के बचत असे आकडे एकामागून एक कानावर येतात. नवा प्रेक्षक त्यांनी भारावून जातो, नाहीतर कंटाळून ते सोडून देतो.

मला दोन्ही गोष्टींचं वाईट वाटतं. हे आकडे नीट समजले तर शर्यत दुप्पट कळते. आणि न तपासता पुढे ढकललेल्या आकड्यावरून खेळाडूची अवाजवी स्तुतीही होते, त्याच्यावर चिखलही उडतो. तपासायला गणिताची पदवी लागत नाही. सातवी-आठवीचं अंकगणित, वही, मोबाइलमधलं स्टॉपवॉच आणि कॅल्क्युलेटर पुरेसं आहे. टप्प्याचा नकाशा आणि चढांची उंची आयोजकांच्या अधिकृत संकेतस्थळावर असते. शर्यत लागण्यापूर्वी तेवढी उघडून ठेवा.

पायरी १ : आकडा लिहून घ्या, मग तीन प्रश्न विचारा

बाजारात भाव ऐकला की आपण लगेच विचारतो, किलोचा की पावशेराचा? इथेही तसंच करायचं. आकडा कानावर पडला की वहीत लिहा आणि शेजारी तीन गोष्टी टिपा. हे कुठून कुठपर्यंतचं मोजमाप आहे? क्षणाचं आहे की सरासरी? प्रत्यक्ष मोजलंय की अंदाज बांधलाय?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण पडद्यावर मोजलेला आणि अंदाजे काढलेला आकडा एकाच ठळक अक्षरात दिसतो. टूरमध्ये २०१५ पासून सायकलच्या सीटखाली जीपीएस यंत्र बसवलेलं असतं. जागा, वेग आणि गटांमधलं अंतर त्यातून येतं, म्हणजे हे मोजमाप आहे. बोगद्यात, दाट झाडीत किंवा अरुंद दरीत ते चुकू शकतं, तरी मोजमाप आहे. खेळाडूची ताकद मात्र बहुतेक वेळा बाहेरच्या माणसाने चढाची उंची आणि वेळ यांवरून काढलेली असते. या दोन आकड्यांना एकाच तराजूत घालू नका.

पायरी २ : वेगाचे मीटर करा

ताशी किलोमीटरला ३.६ ने भागलं की सेकंदाला किती मीटर ते कळतं. ताशी ३६ म्हणजे सेकंदाला १० मीटर, एवढं लक्षात ठेवलं तरी बरंच काम होतं.

समजा समालोचक म्हणाला, ‘तीस सेकंदांची आघाडी’. सपाट रस्त्यावर ताशी ६० च्या वेगाने पळताना तीस सेकंद म्हणजे ५०० मीटर. पुढचा खेळाडू नजरेच्या टप्प्याबाहेरही जाऊ शकतो. हेच तीस सेकंद खड्या चढावर ताशी १८ च्या वेगाने असतील तर अंतर फक्त १५० मीटर होतं, मागच्याला पुढच्याची पाठ दिसत असते. आकडा तोच, पण पाठलाग करणाऱ्याच्या मनावरचा परिणाम पार वेगळा.

१९८९ च्या टूरचं उदाहरण घ्या. शेवटच्या दिवशी व्हर्साय ते पॅरिस अशी २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल होती, म्हणजे प्रत्येकाने एकट्याने घड्याळाविरुद्ध चालवायचं. एकूण वेळेत ग्रेग लेमाँड लोराँ फिन्योंच्या ५० सेकंद मागे होता. लेमाँडने हे अंतर २६ मिनिटं ५७ सेकंदांत कापलं, फिन्योंला ५८ सेकंद जास्त लागले आणि लेमाँडने टूर ८ सेकंदांनी जिंकली. आता हे ८ सेकंद म्हणजे किती मीटर? त्या दिवशीच्या लेमाँडच्या वेगाने, म्हणजे ताशी साधारण ५४.५ ने काढलं तर १२० मीटर. संपूर्ण टूरच्या त्याच्या सरासरी वेगाने, म्हणजे ३२८५ किलोमीटर भागिले ८७ तास ३८ मिनिटं ३५ सेकंद अशा हिशेबाने काढलं तर ८३ मीटर. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, फक्त कुठला वेग धरला ते सांगावं लागतं. समालोचनात नेमकं तेच गळतं. आणि ५४.५ या वेगाकडे बघतानाही ध्यानात ठेवायचं की व्हर्साय पॅरिसपेक्षा उंचावर आहे, वाट एकूण उताराची होती.

शेवटच्या किलोमीटरला रस्त्यावर कमान आणि लाल त्रिकोणी निशाण असतं. पुढचा सायकलपटू त्याखालून गेला की स्टॉपवॉच सुरू करा, रेषेवर बंद करा. ३६०० ला जेवढे सेकंद लागले त्याने भागा. ५८ सेकंद लागले तर ताशी ६२ चा वेग झाला. ‘ताशी ७५ ने स्प्रिंट’ असं ऐकलं तर तो शेवटच्या काही सेकंदांचा कमाल वेग असतो, पूर्ण किलोमीटरचा नाही. हे दोन-तीन टप्प्यांवर करून बघा, कान आपोआप तयार होतो.

सरासरी वेगाबद्दल एक गोष्ट. शर्यत गावातून संथपणे निघते, तो भाग मोजत नाहीत, अधिकृत शून्य किलोमीटरपासून हिशेब सुरू होतो. आणि जुन्या काळाशी तुलना ऐकाल तेव्हा जरा थांबा. १९०३ ची पहिली टूर मोरिस गारँने ताशी साधारण २५.७ च्या सरासरीने जिंकली, अलीकडे विजेत्याची सरासरी ४२ च्या वर गेली आहे. पण १९०३ ला २४२८ किलोमीटर फक्त ६ टप्प्यांत होते, म्हणजे एकेक टप्पा सरासरी ४०० किलोमीटरचा. सायकली जड, रस्ते कच्चे आणि रात्र-रात्र चालवणं. ‘आजचे खेळाडू इतके टक्के वेगवान’ हे वाक्य अशा दोन शर्यतींमध्ये काहीच सांगत नाही.

पायरी ३ : ‘दहा किलोमीटरला एक मिनिट’

हा नियम तुम्हाला पहिल्याच आठवड्यात ऐकू येईल. रॉबेर शापात या फ्रेंच माणसाचं नाव त्याला आहे. स्वतः सायकलपटू होता, नंतर टीव्हीवर समालोचन करायचा. सगळ्यांना सोडून पुढे पळून गेलेल्या खेळाडूकडून मागचा मोठा जथा दर दहा किलोमीटरला एक मिनिट परत मिळवू शकतो, असं तो सांगत असे.

करून बघू. जथा ताशी ५० ने येतोय, त्याला दहा किलोमीटरला १२ मिनिटं लागतात. पुढचा ताशी ४६ ने जात असेल तर त्याला १३ मिनिटं आणि दोन-तीन सेकंद. फरक एका मिनिटाचा. म्हणजे नियमाच्या पोटात गृहीत धरलेलं आहे की जथा ताशी चार किलोमीटर जास्त वेगाने येतोय. सपाट रस्ता, समोरून वारा, शेवटच्या धावेत जिंकू पाहणाऱ्या संघांकडे ओढायला (पुढे राहून वारा अंगावर घ्यायला) माणसं, असं सगळं जुळलं तर हे खरं ठरतं. अरुंद वळणांचा उतार असेल, पाठीमागून वारा असेल, किंवा मागच्या संघांचं ‘तू ओढ, मी ओढणार नाही’ चाललं असेल तर नियम कोसळतो. म्हणून नियमावर विसंबू नका. दर दहा किलोमीटरला फरक वहीत लिहा आणि तो किती वेगाने आटतोय ते स्वतः बघा. समालोचकाच्या आधी तुम्हाला कळेल की आज पळालेला सुटणार.

निकालपत्रातल्या वेळेबद्दल नवख्यांचा हमखास गोंधळ होतो. एकाच घोळक्यात रेषा ओलांडणाऱ्या सगळ्यांना घोळक्यातल्या पहिल्याचीच वेळ देतात. वर टप्प्यातल्या पहिल्या तिघांना १०, ६ आणि ४ सेकंदांची बक्षिसी मिळते, म्हणजे तेवढे सेकंद त्यांच्या एकूण वेळेतून वजा होतात, टाइम ट्रायल सोडून. त्यामुळे एकूण क्रमवारीतला फरक आणि रस्त्यावर डोळ्यांनी दिसलेला फरक जुळला नाही तर कुणी चूक केली असं लगेच समजू नका.

पायरी ४ : चढाचे टक्के उलगडा

८ टक्के चढ म्हणजे १०० मीटर पुढे जाताना ८ मीटर वर. टक्के आणि अंश वेगळे आहेत. १० टक्के म्हणजे जेमतेम पावणेसहा अंश, ४५ अंशांचा चढ म्हणजे १०० टक्के. ‘वीस अंशांचा चढ’ असं कुणी बोलून गेलं तर त्याला वीस टक्के म्हणायचं असतं.

लांबी गुणिले टक्के केलं की एकूण उंची मिळते. फ्रान्सच्या आल्प्समधल्या आल्प द्युएजचा चढ १३.८ किलोमीटर आणि ८.१ टक्के, म्हणजे सुमारे १११८ मीटर. पुढच्या दोन पायऱ्यांत हेच गणित लागणार आहे.

सरासरी टक्के ऐकून चढ ओळखीचा झाला असं समजू नका. २०२० मध्ये टूर कोल द ला लोझ या घाटावर गेली. कागदावर २१.५ किलोमीटर, ७.८ टक्के. पण शेवटच्या काही किलोमीटरमध्ये रस्ता मध्येच २० टक्क्यांच्या वर जातो आणि मग एकदम सैल पडतो. सरासरीत ते दिसतच नाही. चढाचा प्रत्येक किलोमीटरचा आलेख बघा, हल्ला कुठे होणार ते तिथे दिसतं. चढांच्या श्रेणीही, सगळ्यात सोप्या चौथ्या वर्गापासून सगळ्यात अवघड, वर्गाबाहेरच्या चढापर्यंत, आयोजक ठरवतात. कुठल्याही काटेकोर सूत्रातून त्या येत नाहीत.

पायरी ५ : ‘विक्रमी वेळ’ म्हणजे कुठून कुठपर्यंत?

आल्प द्युएजवर मार्को पंतानी या इटालियन सायकलपटूचा विक्रम हा समालोचनातला लाडका विषय. त्याची १९९७ ची वेळ कुठे ३७ मिनिटं ३५ सेकंद छापलेली सापडते, कुठे ३६ मिनिटं ५५ सेकंद. तीच चढण, तोच दिवस आणि तोच माणूस. कारण साधं आहे. घड्याळ काहींनी रेषेपासून साधारण साडेचौदा किलोमीटरवर सुरू केलं, काहींनी चढ खरा सुरू होतो त्या १३.८ किलोमीटरवर. मधला सहा-सातशे मीटरचा सपाट तुकडा विक्रम करतो किंवा मोडतो.

२००४ ला तर याच चढावर टाइम ट्रायल झाली. लान्स आर्मस्ट्राँगची त्या दिवसाची वेळ ३९ मिनिटं ४१ सेकंद, पण ती पूर्ण १५.५ किलोमीटरची. फक्त चढाची वेळ ३७ मिनिटं ३६ सेकंद. (त्याचे हे सगळे निकाल पुढे उत्तेजकांच्या प्रकरणात रद्द झाले.) आता ही वेळ पंतानीच्या वेळेशेजारी ठेवायची का? एक ताज्या पायांनी एकट्याने दिलेली, दुसरी दिवसभराच्या रपेटीनंतरची. मी ठेवत नाही. विक्रम ऐकला की वहीत चार गोष्टी लिहा: घड्याळ सुरू झाल्याची जागा, थांबल्याची जागा, त्याआधी किती किलोमीटर झाले होते आणि वारा. यातलं एकही समालोचकाने सांगितलं नसेल तर त्या विक्रमापुढे प्रश्नचिन्ह काढा आणि पुढे चला.

पायरी ६ : वॅट प्रतिकिलो

इथे मात्र सावकाश जाऊ, कारण सगळ्यात जास्त नुकसान याच आकड्याने होतं.

पायडलवर सेकंदाला किती ऊर्जा जाते ते वॅटमध्ये मोजतात. चढावर स्वतःचं वजन वर न्यायचं असतं, म्हणून वॅटला वजनाने भागून तुलना करतात. सायकलवर पॉवर मीटर असेल तर हा आकडा मोजलेला असतो. उत्पादक एक-दोन टक्क्यांची चूक मान्य करतात. संघ तो सहसा बाहेर देत नाहीत. मग बाहेरचे लोक अंदाज करतात.

अंदाज करायची एक सोपी रीत तुम्हीही शिका. आधी ताशी किती मीटर उंची चढली ते काढायचं. मग त्याला एका संख्येने भागायचं. ती संख्या म्हणजे २०० अधिक चढाच्या टक्क्यांची दहापट. ८ टक्के चढ असेल तर २८०. हे सूत्र मिकेले फेरारी या इटालियन डॉक्टरचं. उत्तेजकांच्या प्रकरणात त्याच्यावर आजन्म बंदी आली. माणूस बदनाम आहे, पण भागाकार उपयोगी आहे, म्हणून सांगतो.

आता २०१५ ची टूर. दहाव्या टप्प्यात ला पिएर-सँ-मार्ताँच्या चढावर क्रिस फ्रूम सगळ्यांना मागे टाकून गेला. पुढच्या रविवारी फ्रेंच टीव्हीवर त्याची ताकद दाखवली गेली: ७.०४ वॅट प्रतिकिलो. त्या आकड्याचा रोख, म्हणजे तो उत्तेजकं घेतो हा संशय, लपलेला नव्हता. त्या काळात फ्रूमला रस्त्यावर शिव्या ऐकाव्या लागत होत्या.

वही उघडा. चढ १५.३ किलोमीटर, ७.४ टक्के. गुणाकार केला की ११३२ मीटर. त्याच्या संघाने सांगितलेली वेळ ४१ मिनिटं २८ सेकंद, म्हणजे ०.६९१ तास. भागा: ताशी १६३८ मीटर. आता २०० अधिक ७४, म्हणजे २७४ ने भागा. उत्तर येतं ५.९८.

उलटंही करून बघा. ७.०४ ला २७४ ने गुणलं तर ताशी १९२९ मीटर. त्या गतीने हा चढ साधारण ३५ मिनिटांत संपायला हवा होता, प्रत्यक्षात सहा मिनिटं जास्त लागली. सूत्र ढोबळ आहे, वारा किंवा दुसऱ्याच्या आडोशाने चालवणं त्यात धरलेलं नाही. पण सहा मिनिटांची फट असल्या बारीकसारीक गोष्टींनी सहज भरत नाही.

विश्रांतीच्या दिवशी संघाच्या टिम केरिसन या प्रशिक्षकाने पॉवर मीटरचा आकडा दिला: सरासरी ४१४ वॅट. फ्रूमच्या पुढच्या दातेरी चकत्या लंबगोल होत्या आणि त्यामुळे मीटर सुमारे ६ टक्के जास्त दाखवतं, असं त्यांचं म्हणणं. वजन ६७.५ किलो धरून ते ५.७८ वर आले. इथेही पेन्सिल खाली ठेवू नका. ४१४ ला सरळ ६७.५ ने भागलं तर ६.१३ येतात. म्हणजे संघाच्या बाजूचा आकडा ५.७८ ते ६.१३ च्या दरम्यान, ६ टक्क्यांची वजावट तुम्ही किती मानता त्यावर. वजनही संघानेच सांगितलेलं. आपलं ५.९८ बरोबर त्या दोघांच्या मध्ये पडतं.

यातून फ्रूम स्वच्छ होता हे सिद्ध होत नाही. कुठलाही वॅटचा आकडा तसं सिद्ध करू शकत नाही. इतकंच कळतं की लाखो लोकांसमोर ठेवलेला तो आकडा दहा मिनिटांच्या अंकगणितापुढे टिकत नव्हता. एखाद्यावर संशय घ्यायचा तर तो नमुन्यांच्या तपासणीतून आणि पुराव्यातून घ्यावा. अंदाजी वॅट पडद्यावर लावून माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं मला अन्यायाचं वाटतं, मग तो खेळाडू आपल्याला आवडो की न आवडो.

पायरी ७ : कॅलरी, हवा आणि ग्रॅम

‘आज ८००० कॅलरी जाळल्या.’ (बोलण्यातली कॅलरी म्हणजे किलोकॅलरी.) साडेचार तास सरासरी २२० वॅट म्हणजे सुमारे ३५६० किलोज्यूल काम. खाल्लेल्या ऊर्जेपैकी साधारण पाव भागच पायडलपर्यंत पोचतो आणि एक किलोकॅलरी ४.१८ किलोज्यूलची, त्यामुळे दोन्ही जवळपास फिटतात. जेवढे किलोज्यूल, जवळजवळ तेवढ्याच किलोकॅलरी. नुसतं जिवंत राहायला दिवसाला लागतात त्या सतराअठराशे मिळवल्या तर सव्वापाच हजारांच्या पुढे. ८००० यायला २२० वॅटने जवळजवळ आठ तास चालवावं लागेल. डोंगरातल्या सहा तासांच्या दिवशी आकडा तिकडे सरकतो, सपाट टप्प्यावर नाही.

जथ्याच्या आत ऊर्जा किती वाचते? समालोचनात ३०-४० टक्के ऐकू येतं. बर्ट ब्लोकेन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये १२१ सायकलपटूंच्या जथ्याचा वायुबोगद्यात आणि संगणकावर अभ्यास केला. आतल्या-मागच्या जागी हवेचा रोध एकट्याच्या ५ ते १० टक्केच उरतो, असं त्यांना दिसलं. दोन आकडे भांडतायत असं वाटेल, पण ३०-४० टक्के एखाद-दोघांच्या मागे चालवतानाच्या बचतीला लागू पडतं, मोठ्या जथ्याच्या पोटात गोष्ट वेगळी. शिवाय रोध म्हणजे एकूण ताकद नाही आणि आडवा वारा सुटला की हिशेब पुन्हा बदलतो.

‘या हेल्मेटने इतके वॅट वाचतात’ असं ऐकलं तर एकच विचारा, कुठल्या वेगाला? हवेशी झगडायची ताकद वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. ताशी ४० ऐवजी ५० ने गेलात तर ती जवळपास दुप्पट होते, म्हणून ५० ला मोजलेली बचत ४० ला अर्धीच. वजनाचं सोपं आहे: चाळीस मिनिटांच्या चढावर एक किलो जास्त म्हणजे साधारण अर्धं मिनिट, शंभर ग्रॅम म्हणजे तीन सेकंद.

सराव घरच्या घाटावर

मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला आपण घाटाचा राजा म्हणतो. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूरच्या निमित्ताने परदेशी संघही पुण्याच्या आसपासच्या रस्त्यांवर धावले. त्यामुळे हे सगळं आता फक्त फ्रान्सचं राहिलेलं नाही. सिंहगड असो की बोपदेव, तुमच्या नेहमीच्या चढाच्या पायथ्याची आणि माथ्याची उंची नकाशावरून काढा, स्वतःची वेळ लावा आणि पायरी ६ चा भागाकार करा. येणारा आकडा तुमच्या वजनाने गुणला की वॅट मिळतील. सायकलच्या दुकानात किंवा ओळखीच्या कुणाकडे पॉवर मीटर लावलेली सायकल मिळाली तर त्याच्याशी ताडून बघा. दोन्हींत पाच-दहा टक्क्यांचा फरक निघाला तर ते साहजिक आहे आणि टीव्हीवरच्या अंदाजातही निदान तेवढा फरक धरावा लागेल. चढ ६ टक्क्यांहून सौम्य असेल तर हे सूत्र वापरू नका, तिथे हवा जास्त आडवी येते आणि उत्तर भरकटतं.